हरताळ कुठे फासायचा?

सोलापूरहून एका वाचक मैत्रिणीचं सहा पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं गाळून मजकूर थोडक्यात असा. वय ३६. घर पूर्व भागात, मातृभाषा तेलुगू. वडील यंत्रमागावर होते, आई अजून विड्या वळते. घरातली ही पहिली पदवीधर. मराठीत एम. ए., मग सेट (प्राध्यापकपदासाठीची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा), मग १७व्या-१८व्या शतकातल्या आख्यानकाव्यावर पीएच. डी. गेली सात वर्षं दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवते, एक शहरात आणि दुसरं एसटीने तासाभरावर. गेल्या वर्षी दोन्हीकडचे मिळून १,३८,००० रुपये झाले, त्यातले ५२,००० अजून हातात यायचे आहेत. मधे एका संस्थेत कायम जागा निघाली, तेव्हा ‘आतल्या’ माणसाने मुलाखतीआधीच आकडा सांगितला. एक ज्येष्ठ सर म्हणतात, ‘मध्ययुगीन सोड, आधुनिकवर पेपर काढ.’ आता टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात महिना २०,००० ची नोकरी समोर आहे, १५ तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आहे. नवरा म्हणतो, तू ठरव. मुलगा तिसरीत आहे. आणि भीमाकाठच्या एका गावात तिला ३८ पत्रांची, म्हणजे ३८ सुट्या पानांची, एक पोथी मिळाली आहे. कवी अनोळखी. ‘कारखान्यात गेले तर सात वर्षं आणि पीएच. डी. पाण्यात. नाही गेले तर घरावर अन्याय. मुळात मी विषयच चुकीचा निवडला का?’

— तुमच्या पत्रात पगाराचे आकडे पहिल्या पानावर आहेत आणि पोथी शेवटच्या. मी मात्र आधी पोथीकडेच वळले, हे कबूल करते. तुम्ही पाठवलेल्या तीन फोटोंपैकी एकात शेवटचं पत्र आहे आणि त्यावर नकलाकाराने, म्हणजे पोथी हाताने उतरवून काढणाऱ्याने, लिहिलंय, ‘शके १७११ सौम्यनाम संवत्सरे’. मेथी निवडायची तशीच ठेवून मी एका पाठकोऱ्या कागदावर गणित मांडलं. शकात १२ मिळवायचे, ६० ने भागायचं, बाकी उरेल तितकावं संवत्सर, साठ नावांच्या चक्रातलं. १७२३ भागिले ६०, बाकी ४३. त्रेचाळिसावं सौम्यच! म्हणजे इसवी सन १७८९-९०, आणि बुवाने पंचांग बघून लिहिलंय, अंदाजे ठोकलेलं नाही. तुम्ही हे केव्हाच पडताळलं असेल. पण घरबसल्या मला एवढा आनंद झाला, तर तुम्ही त्या लाल फडक्याची गाठ सोडलीत तेव्हा काय झालं असेल, ते कळलं. पुढचं सगळं त्या आनंदाला धरूनच लिहिते आहे. काही वाक्यं कडू लागतील.

तुम्ही तीन प्रश्न एकाच दोऱ्यात ओवलेत. विषय चुकला का, नोकरी सोडू का, अभ्यास सुटेल का. गाठी पडल्यात त्या तिथे.

विषयाचं आधी. तुमच्या आजूबाजूला तासिकेवर काम करणारी जी मंडळी आहेत, त्यांतल्या किती जणांचा विषय मध्ययुगीन आहे? बहुतेकांचं काम कादंबरी, दलित साहित्य, ग्रामीण कथा यांवरच असणार. तेही तुमच्याच बाकावर बसून जून महिन्याच्या जाहिरातीची वाट बघतात. जागा निघते ती ‘मराठी’ची. मध्ययुगीनची वेगळी नाही, आधुनिकचीही नाही. अडलंय ते भरती होत नाही म्हणून आणि झाली तर कुठे कुठे ती कशी होते म्हणून. विषय बदलून रांग बदलत नाही, फक्त तुमचा नंबर पुन्हा मागे जातो. सरांनी तो सल्ला वाईट मनाने दिलेला नाही. त्यांच्या उमेदवारीच्या काळी रांग तरी सरकत होती.

दुसरी एक समजूत पत्रात सगळीकडे पसरली आहे, की पीएच. डी. झाली म्हणजे नोकरी देणं लागतं कुणीतरी. विद्यापीठाच्या विभागांसाठी पीएच. डी. सक्तीची करायचं घाटत होतं, मग तारीख पुढे गेली आणि २०२३ मध्ये यूजीसीने नेट-सेट हीच किमान पात्रता कायम ठेवली. म्हणजे दार उघडायला तुमची सेट पुरेशी होती. पीएच. डी. तुम्ही दारासाठी केलीच नव्हती. पत्रातलं एक वाक्य तुम्हालाच परत वाचून दाखवते: ‘आईच्या सुपात तंबाखू असायची आणि माझ्या मांडीवर पांडवप्रताप.’ ही बाई पात्रतेसाठी शिकत नव्हती.

आता सात वर्षं. पाण्यात गेली का? तुम्ही पोथ्या हाताळता, म्हणून तुमच्याच भाषेत विचारते. चुकलेल्या अक्षरावर नकलाकार काय करायचा? पिवळा हरताळ लावायचा, तेवढ्याच अक्षरावर, आणि वाळला की त्यावर बरोबर अक्षर लिहायचा. तुमच्या दुसऱ्या फोटोत उजवीकडे वरून चौथ्या ओळीत तो पिवळा ठिपका दिसतोय. एका अक्षरासाठी कुणी पत्रभर हरताळ फासत नव्हतं. चुकलेलं अक्षर म्हणाल तर एवढंच, की चौथ्या वर्षी तासिका सोडायला हवी होती, तुम्ही सातव्यापर्यंत वाट बघितलीत.

मी हे उंटावरून शेळ्या हाकत सांगत नाही. मीही चार वर्षं तासिकेवर शिकवलंय. आमचं हजेरीपत्रक वेगळं असायचं, स्टाफरूममध्ये नाही, शिपायाच्या टेबलावर, गॅसच्या पावतीपुस्तकाखाली. ते शोधून सही करताना रोज वाटायचं, पुढच्या वर्षी आपलं नाव मोठ्या रजिस्टरात जाईल. चार वर्षं वाटत राहिलं. पुढे मी वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायला गेले तेव्हा सहा महिने लोकांना नोकरीचं नाव सांगायला लाजत होते. आता त्या लाजेचंच हसू येतं. तेव्हा मात्र अजिबात येत नव्हतं.

तर पैसा. १,३८,००० म्हणजे महिन्याला साडेअकरा हजार, तेही सगळे आले तर. आले ते ८६,०००, म्हणजे महिना सात हजारांच्या जरा वर. त्यातून एसटीचं भाडं काढा. महिलांना अर्धं तिकीट झालंय, तरी जाणं-येणं, डबा, झेरॉक्स, पेपर तपासायच्या दिवसांतले हेलपाटे धरा. उन्हाळ्यात तर शून्यच. समोर वर्षाचे २,४०,००० आहेत, महिन्याच्या महिन्याला. तिसरीतल्या पोराची फी, आईची पाठ (विड्या वळणाऱ्या बायकांच्या पाठी काय होतात ते सोलापूरकरांना सांगायला नको) आणि नवऱ्याची खासगी नोकरी एवढं पुढ्यात असताना माझा सल्ला सरळ आहे. कारखान्यात जा.

जाण्याआधी मात्र चार गोष्टी स्पष्ट विचारून घ्या. सुटण्याची वेळ लिहून मिळेल का, सुट्टी कुठल्या वारी, भविष्यनिर्वाह निधी कापतात का, आणि शिपमेंटच्या गर्दीत किती थांबावं लागतं. शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, कारण तुमचा अभ्यास त्या वेळातूनच निघणार आहे. महाविद्यालयांचा निरोपही नीट घ्या. सातही वर्षांची नेमणूकपत्रं, विद्यापीठाची मान्यतापत्रं मिळाली असतील तर ती, अनुभवाचं प्रमाणपत्र, सगळं सही-शिक्क्यानिशी आत्ताच. पुढे कुठेही अर्ज केलात तर कागदच बोलतो, आणि प्राचार्य बदलले की जुना कागद मिळवणं म्हणजे महाकठीण काम. थकलेल्या ५२,००० साठी दोन्हीकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. संबंध बिघडतील म्हणून गप्प बसू नका. ते संबंध तुम्ही सात वर्षं फुकट सांभाळलेत.

आणि तो ‘आकडा’. घर गहाण टाकू का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण समासात लिहून खोडलेलं मला दिसलं. अजिबात नको. या व्यवहाराची पावती नसते, दिलेले पैसे परत मागायची सोय नसते, आणि देणाराही गुन्ह्यात भागीदार होतो. नोकरी लागलीच तर पहिली कित्येक वर्षं तुम्ही शिकवणार नाही, कर्ज फेडणार. तशा अवस्थेत कुणी ओवी वाचत नाही.

आता लोक तुम्हाला संशोधक रा. चिं. ढेऱ्यांचं नाव सांगतील. विद्यापीठाच्या खुर्चीशिवाय केवढं काम उभं केलं, ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ बघा, म्हणतील. सोलापूरच्या आनंद कुंभारांचंही सांगतील. हत्तरसंग-कुडलला, भीमा-सीनेच्या संगमावर, शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख त्यांनी उजेडात आणला, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक, ‘वाछि तो विजेया होईवा’ (जो वाचेल तो विजयी होईल), आणि ते काही प्राध्यापक नव्हते. सगळं खरं. तुम्हाला उभारी हवी असेल तेव्हा ही नावं जरूर आठवा. पण संस्थाचालक किंवा विभागप्रमुख तुमच्या तोंडावर ही नावं टाकतील तेव्हा सावध व्हा, कारण त्यांना त्यातून म्हणायचं असतं, ‘मग पगार कशाला हवा?’ ढेऱ्यांनी सोसलं म्हणून तुम्ही सोसायचं, हा न्याय कुठला?

कारखान्यात गेल्यावर काय जाईल तेही लपवत नाही. वर्गातली ती चार-पाच मुलं जातील, तास संपल्यावर मागे रेंगाळणारी. ‘मॅडम’ जाईल. ग्रंथालयाचं कार्ड जाईल, तेव्हा आत्ताच विद्यापीठाच्या आणि शहरातल्या जुन्या वाचनालयाच्या सभासदत्वाची चौकशी करून ठेवा. पहिले तीन-चार महिने घरी येऊन जेवून झोपण्यापलीकडे काही होणार नाही, आणि तुम्हाला वाटेल की संपलं. ते महिने हिशोबात धरूच नका.

त्यानंतर आठवड्याचे दोन-तीन तास निघतील. त्यात ‘मध्ययुगीन आख्यानकाव्याचा समग्र अभ्यास’ होत नाही. एक पोथी होते. ३८ पत्रांची पोथी, आठवड्याला अर्धं पत्र म्हटलं तरी दीड वर्षात उतरून होते. नाझऱ्याच्या श्रीधराने १७०२ मध्ये ‘हरिविजय’ पुरा केला, १७१२ मध्ये ‘पांडवप्रताप’, आणि मग गावोगाव तसंच लिहू बघणारे किती जण झाले असतील! त्यांतल्या बहुतेकांचं नावही कुणाला ठाऊक नाही. तुमचा हा कवी कदाचित सुमारच निघेल. निघू दे. सुमार कवीच्या पोथीतून त्या काळचं गाव काय ऐकत होतं ते कळतं, थोरांच्या छापील प्रतीतून ते तितकं कळत नाही.

कामाची रीत तुम्हाला ठाऊक आहे, पण याच वाटेवरच्या इतरांसाठी लिहून ठेवते. पोथी ज्यांच्या घरची आहे त्यांची लेखी परवानगी घ्या, नुसतं ‘न्या की मॅडम’ पुरत नाही. उद्या वाटण्या झाल्या की चुलतभाऊ येतो. मोबाइलवर फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा, खिडकीचा तिरपा उजेड घ्या, फ्लॅश नको. नक्कल जशीच्या तशी उतरवा, ऱ्हस्व-दीर्घ सुधारू नका, ‘ख’च्या जागी ‘ष’ असेल तर ‘ष’च ठेवा. शब्द सलग लिहिलेले असतात, ते तोडताना शंका आली तिथे खूण करा, हुशारी नको. अडलेल्या शब्दासाठी तुळपुळे-फेल्डहाऊस यांचा जुन्या मराठीचा कोश (१९९९) उत्तमच आहे, पण तो यादवकाळाच्या आसपासचा. तुमच्या १८व्या शतकातल्या मजकुराला मोल्सवर्थची १८५७ ची आवृत्ती आणि दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोश जास्त उपयोगी पडतील, आणि दोन्ही इंटरनेटवर फुकट आहेत. मग पोथीशाळांच्या छापील सूच्यांत कवीची नाममुद्रा शोधा. आणि झाल्यावर दहा-बारा पानांचं एक टिपण लिहा, भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकासारख्या ठिकाणी पाठवा. पैसे घेऊन आठ दिवसांत छापणाऱ्या नियतकालिकांकडे फिरकू नका. यूजीसीने २०२५ च्या सुरुवातीला आपली केअर यादीच (मान्य नियतकालिकांची यादी) बंद केली, तेव्हा त्या यादीचा शिक्का दाखवून पैसे मागणाऱ्यांचा आता आधारही गेला. दुकानं मात्र चालूच आहेत.

तुम्ही ओशाळून लिहिलेली एक गोष्ट राहिली. मुलाखतीत कुणीतरी विचारलं, ‘घरी तेलुगू, मग मराठी कशी शिकवणार?’ आणि तेव्हापासून तुम्ही अर्जात मातृभाषेचा रकाना भरताना अडखळता. मला त्या माणसाची कीव येते. तंजावरच्या भोसल्यांचा दरबार आठवा. तिथले शहाजीराजे (शिवरायांचे वडील नव्हेत, व्यंकोजींचे पुत्र) तेलुगूत यक्षगानं रचत होते, मराठीत नाटकं रचत होते, आणि ‘पंचभाषाविलास’मध्ये तर एका नाटकात पाच भाषा आणल्या. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितांचा ढीग आहे. मराठी आणि तेलुगू दोन्ही घरच्यासारख्या येणारी, वर जुनं हस्ताक्षर वाचणारी माणसं किती असतील? सरांना ‘आधुनिक’ सुचलं, मला तंजावर सुचतंय. आज नाही, पोथीचं टिपण झाल्यावर. पण रकाना मोठ्या अक्षरात भरा. सोलापूरच्या माणसाने दोन-तीन भाषा येतात म्हणून लाजायचं असेल, तर अर्ध्या गावाने लाजायला हवं.

आणखी एक, थोड्या पैशांचं. तुम्हाला मोडी येते म्हणता, पण पोथीतली बाळबोध (देवनागरी) आणि दप्तरातली मोडी यांत फरक आहे. पोथी वाचणारी व्यक्ती जमिनीचा कागद वाचेलच असं नाही. कुणबी नोंदी शोधायला २०२३ मध्ये सुरुवात झाली तेव्हा मोडी वाचणारे मिळेनात, अशी गत होती. घरोघरी खरेदीखतं, गहाणखतं पडून आहेत. इंग्रजी अमलातल्या मोडीचं वळण सहा महिने गिरवलंत तर रविवारची दोन-चार कामं मिळू शकतात. नातं सांगणारा कागद वाचताना मात्र ‘बहुधा’ला ‘नक्की’ म्हणू नका, मागणाऱ्याने कितीही आग्रह केला तरी.

मराठीच्या अभिजात दर्जाचं विचारलंत. ३ ऑक्टोबर २०२४ ला तो मिळाला, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झालं, केंद्राच्या २०२५ च्या अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् नावाने एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या नोंदणीची घोषणा झाली. चांगलंच आहे. जाहिरातींवर नजर ठेवा, अर्ज करा. त्या भरवशावर कारखान्याला नाही म्हणू नका.

हे सगळं तुमच्या परिस्थितीला धरून आहे. हेच पत्र २७ वर्षांच्या, आईवडिलांच्या घरी राहणाऱ्या, अजून नेट-सेट न झालेल्या कुणी लिहिलं असतं, तर मी म्हटलं असतं, दोन वर्षं तासिका करा, आधी परीक्षा पास व्हा, बी. एड. करून ठेवा, कारण शाळा-ज्युनिअर कॉलेजच्या भरतीला ते लागतं, आणि थांबायची तारीख आधीच भिंतीवर लिहा. ज्यांचं घर दुसऱ्याच्या पगारावर नीट चालतं आणि ज्यांना वर्गाशिवाय करमतच नाही, त्यांनी खुशाल तासिका चालू ठेवावी. तो आवडीचा खर्च आहे हे स्वतःला ठाऊक असलं म्हणजे झालं.

तुम्ही १५ च्या आत होकार कळवा. आणि रुजू व्हायच्या आधीच्या रविवारी एकदा त्या गावी जाऊन या. शेवटच्या पत्राच्या फोटोत समासातल्या आकड्यावर तुमचा अंगठा आलाय. तिथे ३८च आहे की पुढचा एखादा आकडा, ते कळल्याशिवाय पोथी पुरी आहे की मधली पत्रं गळालीत हे सांगता येणार नाही. तेवढा फोटो परत काढा आणि मला पाठवा.